चारशे फूट नाच

१

चारशे फूट नाच सोड्याच्या पिपात पडून कोरा झाला होता.

ते पीप आमच्या स्टुडिओच्या मागच्या अंगणात चुलीवर असायचं. टाकाऊ फिल्म त्यातल्या गरम पाण्यात बुडवायची, वरचं चित्र सुटून जायचं, आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्या बटणांच्या कारखान्याला जायच्या. किती नायकांच्या शर्टांना त्यांचेच जुने चेहरे बटणं होऊन लागले असतील, असं मी गमतीनं म्हणायचे. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर पिपात डोकावले आणि गंमत घशातच अडकली.

मी फिल्म जोडणारी. पांढरे सुती हातमोजे घालून तुकड्याला तुकडा चिकटवायचा, नको ते कापायचं. म्हणून अख्खा स्टुडिओ मला कात्रीबाई म्हणतो. कोरी झालेली फिल्म ओळखायला मला चित्र लागत नाही. आमचा कॅमेरावाला प्रत्येक टेकच्या शेवटाला भोकं पाडतो, पहिल्या टेकला एक, दुसऱ्याला दोन. पिपातल्या पट्टीच्या टोकाला दोन भोकं होती. शेजारच्या पायरीवर बेचाळीस नंबरचा डबा रिकामा, झाकण नीट त्याच्याखाली सरकवलेलं.

बेचाळीस म्हणजे आमच्या नर्तकीचा, भिंगरीचा नाच. दुसरा टेक. चांगला, एकही चूक नसलेला.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. रागानं फेकलेली फिल्म पाण्यात गुंता होऊन पडते. हिच्या हातभर लांबीच्या लडी केल्या होत्या, प्रत्येक लडी मधोमध नाडीनं बांधलेली. इतक्या नीटनेटकेपणानं वाटोळं करणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

मालक आले. पिपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते ओरडतात तेव्हा मला भीती वाटत नाही, गप्प होतात तेव्हा वाटते. पाच दिवसांनी चित्रपटाच्या प्रती गावोगाव निघायच्या होत्या. नाचाचा सेट मोडून त्याच लाकडाचं न्यायालय उभं राहिलं होतं. भिंगरीचा करार महिनाअखेर संपत होता आणि या चित्रपटात तिचं म्हणून जे काही होतं ते एवढंच. नाच गेलाच होता, तेव्हा तिथे नायिकेचं, बुलबुलचं गाणं घालायचं आणि करार आपोआप संपू द्यायचा, हे त्यांनी पिपाजवळ उभ्याउभ्याच ठरवलं. मी मध्ये तोंड घातलं. आधी कुणी केलं ते तरी शोधू, म्हटलं.

"शोधा," मालक म्हणाले. "कुणी वैरानं केलं असेल तर मी सेट पुन्हा उभारीन, मला असं कुणी वाकवलेलं चालत नाही. पण तिला आणखी एकदा नाचून बघायची हौस होती, हेही मला ठाऊक आहे. तिच्या गोटातून झालं असेल तर तिनं आपली पेटी उचलावी. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

ते गेल्यावर मी वळले. भिंगरी माझ्या मागेच उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

२

ती नुसती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहिली, आणि उजव्यावर भार आला की ओठ आवळत राहिली.

पंधराव्या वर्षी ती एका फिरत्या तंबूच्या खेळातून आमच्याकडे आली होती. चित्रपट तेव्हा मुके होते. कॅमेरावाला हातानं दांडा फिरवायचा आणि ही त्या दांड्याच्या वेगावर गिरक्या घ्यायची. झग्याचा घेर ताटलीसारखा आडवा राहायचा, म्हणून भिंगरी. अकरा चित्रपटांत ती राजकन्या झाली, दरोडेखोरीण झाली, दोनदा जलपरी झाली. तिची आई, आम्हा सगळ्यांची माई, सेटच्या कोपऱ्यात स्टुलावर विणत बसायची. सुया थांबल्या की समजायचं, पाऊल चुकलं.

मग चित्रपट बोलू लागले. पहिल्या चाचणीत भिंगरी मायक्रोफोनपुढे "मी इथेच थांबेन" एवढं एक वाक्य बोलली आणि ध्वनिवाल्यानं कानांवरचं यंत्र काढून ठेवलं. दगडावर पत्रा ओढावा तसा आवाज. नायिका म्हणून बुलबुल आली, आणि भिंगरीला वर्षाकाठी एक नाच उरला. मुक्यानं.

म्हणजे संशय पहिला बुलबुलवर. ती तिच्या खोलीत कोमट पाण्याच्या गुळण्या करत होती. मी विचारलं, तशी तिनं शांतपणे तोंड पुसलं आणि सांगितलं, की दुपारभर ती ध्वनिवाल्याच्या खोलीत गाणं म्हणत होती, आणि तिथे बारा वादक होते, हवं तर एकेकाला विचारा. मी विचारलंही. खरं होतं.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "माझ्यावर आळ घ्यायचा तर घ्या. पण कॅमेऱ्यापुढे उभी राहिले की माझे पाय लटपटतात. ती मागे नाचत असते म्हणून निभतं. ती गेली तर मी कुणाच्या जिवावर उभी राहू?"

चांगला टेक पिपात गेला होता, पण वाईट टेकचं काय? नाच दोनदा घेतला होता. पहिल्यात शेवटच्या गिरकीला तिचा गुडघा दगा देऊन ती कोलमडली होती. तो एक्केचाळीस नंबरचा डबा छपाईच्या खोलीतल्या फळीवर बेचाळीसच्या शेजारी असायला हवा होता.

फळी रिकामी होती.

३

छपाईची खोली घुबडकाकांची. वीस वर्षं तांबड्या दिव्याखाली फिल्म छापून त्यांना उन्हाचं वावडं झालंय. दिवसाढवळ्या बाहेर आले की डोळे किलकिले करून, भिंत चाचपत चालतात. मी गेले तेव्हा ते रिकामी फळी पुन्हा पुन्हा चाचपत होते. दुपारी ते अंगणाच्या पलीकडे जेवायला गेले होते, दाराला नुसती कडी. परत आले तो दोन्ही डबे फळीवर नाहीत.

"पण एक इथेच आहे," ते म्हणाले आणि छपाईच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

एक्केचाळीस नंबर तिथे होता. यंत्राच्या शेजारी, घडी घातलेल्या स्वच्छ फडक्यावर ठेवलेला, फडक्याचं एक टोक वरून पांघरलेलं. छापायला तयार ठेवतात तसा. आपण ठेवला नाही, असं काका शपथेवर सांगत होते. मी डब्यावरची चिठ्ठी वाचायला वाकले, तर त्यांनी तो माझ्या हातात देऊन मला दाराबाहेर काढलं. इथे मी कुणाचं लिहिणं वाचत नाही, हा दिवा फसवतो, म्हणाले. म्हाताऱ्याचे डोळे गेले, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं.

बाहेरच्या उजेडात पाहिलं. पांढऱ्या चिठ्ठीवर काळ्या शाईनं बरोबरची खूण, आणि तिच्यावर तांबड्या पेन्सिलीची भली मोठी फुली. रद्द. बेचाळीसच्या रिकाम्या डब्यावर फक्त तांबडी अक्षरं: हाच घ्या.

तांबडी पेन्सिल मास्तरांची, आमच्या दिग्दर्शकांची. ती त्यांच्या कानावर कायमची बसलेली. ते नव्या सेटवर येरझारा घालत होते. मीही त्यांच्याबरोबर चालत चालत विचारलं. पहिला टेक संपला तेव्हा त्यांचं लक्ष भिंगरीच्या चेहऱ्यावर होतं, पायांकडे गेलंच नाही. म्हणून तिथल्या तिथे काळी खूण केली. सगळे तिच्या गुडघ्याकडे धावले होते, खूण कुणी पाहिली नाही. मग भिंगरीनंच दुसरा टेक मागितला. तो झाला तोवर संध्याकाळ झाली, दुसऱ्या डब्यावर काही लिहायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही निगेटिव्ह काचेखाली दिवा लावून पाहिल्या. पहिलीत पाऊल चुकलेलं स्पष्ट दिसत होतं. फुली मारली, आणि दुसरीवर लिहिलं.

"चेहरा पहिल्यातच होता," मास्तर म्हणाले. "पण निगेटिव्हमध्ये चेहरा कुठे दिसतो? काळं तोंड आणि पांढरे केस, भुतासारखं. पाय तेवढे दिसतात."

रद्द झालेले टेक मालकांच्या हुकमावरून माझ्याकडे राहतात. स्टुडिओच्या वाढदिवशी त्यांच्या बंगल्यावर मेजवानी असते, तेव्हा वर्षभरात कोण घसरलं, कोण वाक्य विसरलं, याची गमतीची रीळ मी जोडून द्यायची. एक्केचाळीस नंबरही उद्या माझ्याच फळीवर येणार होता. मग नाच बुडवायला आलेल्या माणसानं तो डबा बाळासारखा का पांघरून ठेवावा?

मला काकांचं बोलणं आठवलं. हा दिवा फसवतो.

४

मी दोन्ही डबे घेऊन छपाईच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

तांबड्या उजेडात पांढरा कागद तांबडा दिसतो. आणि तांबड्यावर तांबडी पेन्सिल दिसतच नाही. एक्केचाळीसवरची फुली नाहीशी झाली होती. उरली होती फक्त काळी खूण, ठसठशीत. बेचाळीसची चिठ्ठी कोरी. मी दार उघडलं, फुली परत आली. लावलं, गेली. तीन-चारदा केलं, तेव्हा काकांनी मला बरं वाटतंय ना, असं विचारलं.

मी स्टुलावर बसले आणि हातमोजे काढले.

नाचाचा वैरी असता तर त्याला चांगला टेक हवा असता. या दिव्यात चांगला दिसत होता तो एक्केचाळीस, खुणेचा. तो त्यानं नेला नाही, उलट यंत्राजवळ नेऊन मऊ फडक्यावर ठेवला, लवकर छापून निघावा म्हणून. नेला तो बिनखुणेचा. म्हणजे हे माणूस नाच बुडवायला आलंच नव्हतं. भिंगरीची चूक बुडवायला आलं होतं, आणि हातून चांगला टेक बुडाला.

फिल्मच्या कामातलं कुणी या दिव्यात चिठ्ठी वाचणार नाही, काका तर नाहीच. आणि ज्याला आकडे वाचता येतात त्यानं आधी एक्केचाळीस, मग बेचाळीस, कुठला पहिला ते ओळखलं असतं. हे माणूस अक्षरावर नाही, खुणेवर चाललं होतं. मास्तर चांगल्या टेकवर खूण करतात, हे वर्षानुवर्षं सेटच्या कोपऱ्यातून पाहिलेलं. मागच्या अंगणातल्या चुलीवर रोज दुपारी गुडघ्याच्या शेकाचं पाणी तापवणारं. आणि गुंता सहन न होणारं. आम्ही फिल्म चकतीवर गुंडाळतो. अंगठा आणि कोपर यांच्यात लडी घालतात ते लोकर विणणारे.

मला उत्तर सापडलं होतं, आणि ते मालकांना सांगितलं तर भिंगरी संपणार होती.

५

दिवेलागणीला मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंगरी उशीवर पाय टाकून पडली होती. बाहेर माई एक अर्धा विणलेला स्वेटर उसवत बसल्या होत्या. दुपारपासून तीनदा थोडा विणला, तीनदा उसवला, असं शेजारीण मला जिन्यातच सांगून गेली होती.

मी समोर बसले. उसवलेल्या लोकरीचं टोक धरलं. माईंनी अंगठा ताठ केला आणि कोपराभोवती लडी घालायला सुरुवात केली. चार वेढे झाले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच विचारलं नव्हतं.

"मला अक्षर येत नाही, खूण येते," त्या हळूच म्हणाल्या. "खुणेचा ठेवला, दुसरा नेला. सगळे म्हणतात चांगला गेला. कसा जाईल गं? मी नीट बघून घेतला."

मी त्यांना तांबड्या दिव्याचं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही. त्या बराच वेळ लोकरीचा एक धागा बोटाला गुंडाळत राहिल्या, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. मग मी विचारलं, की रद्द टेक तसाही रद्दच होता, एवढी घाई कशाला केलीत?

"तुझ्या गमतीच्या रिळीत नव्हता द्यायचा मला तो."

चार वर्षांपूर्वी जलपरीच्या चित्रपटात भिंगरी कारंज्याच्या काठावरून घसरून पाण्यात आडवी पडली होती. मेजवानीला ते दृश्य पाहुण्यांनी तीनदा मागून घेतलं. मग फिल्म उलटी चालवली. ती पाण्यातून उडून काठावर, पुन्हा पाण्यात, पुन्हा काठावर. भिंगरी पाहुण्यांच्या घोळक्यात पेला हातात धरून हसत उभी होती. घरी येऊन दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही.

"तेव्हा तिचा पाय धड होता," माई म्हणाल्या. "आता दुखण्यानं पडली. त्याच्यावरही हसायचं? कात्री तुझीच होती ना गं, बाई?"

माझीच होती. फिल्म उलटी चालवायची कल्पनाही माझीच, आणि त्या संध्याकाळी मालकांनी माझी पाठ थोपटली होती. चोर शोधायला निघाले होते, आणि धागा माझ्याच टेबलापर्यंत येऊन थांबला.

मालकांना माझं नाव सांग, माई म्हणत होत्या, पण मी वेगळी आणि ती वेगळी असं नीट समजावून सांग. मालक असं काही मानणार नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. वैरानं झालं असं खोटं सांगावं, तर ते उद्याच्या उद्या बुलबुलला नाहीतर काकांना धरणार. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

आतल्या खोलीच्या दारात भिंगरी चौकट धरून उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही.

"ताई," तिनं विचारलं, "पहिला आहे ना अजून?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एक्केचाळीस नंबरची प्रत छापली. दुपारी प्रक्षेपणाच्या छोट्या खोलीत आम्ही तिघी बसलो. माई पडद्याकडे पाठ करून.

बारा वादक वाजवतायत, भिंगरी नाचतेय. तीन मिनिटं दुसऱ्या टेकइतकीच बिनचूक, तेच ओठांवर बसवलेलं हसू. मग शेवटची गिरकी, गुडघा वळतो, ती खाली जाते. तळहात जमिनीवर. वाद्यं थांबत नाहीत. ती वर बघते, आणि ते हसू कुठच्या कुठे गेलेलं असतं. उरलेले ताल ती बसल्या जागी हातांनी आणि मानेनं पुरे करते, मग एका पायावर भार देत सावकाश उठते, दुखतंय हे लपवायचं विसरून. तिच्या तोंडावर तेव्हा काय होतं त्याला मी नाव देणार नाही. आयुष्यभर मी असलेच तुकडे कापून बाजूला टाकत आले.

"माई, वळ," भिंगरी म्हणाली.

माई वळल्या. दुसऱ्यांदा लावलं, तेव्हा त्यांनी पूर्ण पाहिलं. त्यांचे हात मांडीवर रिकामे होते.

संध्याकाळी मालकांपुढे मी तोंड उघडायच्या आत भिंगरीनंच सांगून टाकलं, की आईनं केलं, चुकून केलं, आणि ते का केलं. मी माझा भाग सांगितला. गमतीची रीळ यापुढे माझ्या टेबलावर जोडली जाणार नाही, हेही सांगितलं. मालक गप्प झाले. मला जी भीती वाटायची ती वाटली. शब्द म्हणजे शब्द, ते म्हणाले, पेटी उचलावी लागेल.

"उचलते," भिंगरी म्हणाली. "आधी पहिला टेक बघा. तुम्ही हसलात तर पेटी घेऊन जाईन, पुन्हा या दारात येणार नाही."

त्यांनी बघितला. बघताना खुर्ची पुढे ओढली. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला, आणि ती खाली जाते तिथे त्यांचा हात नकळत पुढे झाला, सावरायला गेल्यासारखा. तो त्यांनी खिशात घालून टाकला. मग म्हणाले, हा छापा. प्रती वेळेवर निघाल्या पाहिजेत.

चित्रपट लागला त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. शेवटच्या गिरकीला सगळं थिएटर एकदम श्वास धरून बसलं. माझ्या पुढच्या बाईनं शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड घट्ट पकडला आणि दृश्य बदलेपर्यंत सोडला नाही. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नसावं.

तिसऱ्या आठवड्यात मालकांनी भिंगरीला बोलावलं. तीन वर्षांचा नवा करार टेबलावर तयार होता. मला आणि माईंना साक्षीदार म्हणून बसवलं होतं. मालक खुशीत होते. पडण्याची ती जागा आपल्याला पहिल्यापासूनच आवडली होती, असं आता ते सगळ्यांना सांगत होते. करारात एक कलम नवीन होतं, ते त्यांनी स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं: यापुढे प्रत्येक चित्रपटात, नाचाच्या शेवटी, एकदा पडायचं. माईंचा चेहरा दगडासारखा झाला. मी हातातली पिशवी आवळली.

भिंगरीनं कागद आपल्याकडे ओढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला, त्या कलमावर रेघ ओढली, आणि बाजूला स्वतःच्या अक्षरात काहीतरी लिहिलं. मग तिच्या त्या खरखरीत आवाजात, मालकांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली,

"पडेन. पण कधी पडायचं, ते मी ठरवणार."